तेल पाजलेले खांब

मला चौकशा फार. माहेरी आई म्हणायची, रंगूला स्वर्गात नेलं तरी ती आधी विचारील, इथं सरपण कुठून आणता? लग्न होऊन कन्हेरीला आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी सासूबाईंना विचारलं होतं, "आत्याबाई, सोप्याच्या मधल्या खांबाला एवढ्या उंचावर खाच कशी पडली?" ताक घुसळताना रवीची दोरी खांबाला घासून घासून पडते तशी खाच होती ती, गुळगुळीत. पण आढ्याजवळ. तिथं ताक घुसळायचं तर बाईनं शिडीवर उभं राहायला हवं. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "सूनबाई, तोंडाला जरा फडकं बांध."

फडकं मी बांधलं नाही. खाच मात्र डोक्यात राहिली.

कन्हेरीत आमच्या बांधाला लागूनच पाट वाहायचा. ऊस मातला होता, गूळ उतरत होता, पलीकडे नवा साखर कारखाना उभा राहिला होता आणि जो तो नवं घर बांधत होता. पण पाटाचं पाणी पिकातच राहील तर ते पाणी कसलं? ते भिंतीत चढायचं. हातभर उंचीपर्यंत भिंतीला लोणा, ओलीचा खारा पांढरा थर, यायचा, तुळया आतून कुजायच्या, आणि श्रावण लागला की घराघरात माणसं गोधड्यांखाली कुडकुडत पडायची. दोनदा मला दिवस गेले आणि दोन्ही वेळा भाद्रपदातल्या हिवतापानं माझं पोट रिकामं केलं. दुसऱ्या वेळी मी देवाला इतक्या शिव्या दिल्या की सासूबाईंनी देवळीवर पडदा ओढला.

तिसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा बारामतीच्या डॉक्टरांनी माझ्या नाही, मालकांच्या तोंडाकडे बघून सांगितलं, "हिवतापावर कोयनेल मी देईन, पण पोटुशी बाईला ती जपूनच द्यावी लागते. खरं औषध कोरडी हवा. श्रावणाच्या आत हिला पाटापासून लांब न्या. ह्या वेळी ताप आला तर मूल तर जाईलच, हीसुद्धा राहील असं मी म्हणणार नाही."

लांब म्हणजे कुठं? आमचे पाव्हणे सगळे पाटाच्या काठाचेच. आणि खेड्यात भाड्यानं घर कोण देतं? मालक फार बोलत नाहीत. महिपती असं भारदस्त नाव ठेवलेला माणूस, पण दिवसाला दहा शब्द बोलला तर थकतो. त्यांनी इंदापूरच्या बाजाराला गूळ नेला आणि परत आल्यावर एका दमात सांगितलं, "निरवांगीच्या पुढं डोंगराखाली वाडी हाय. गेणबा म्हणून भेटला. त्याच्या वहिनीचं घर इकायचंय. पाच खण. समदं सागवान. बैलजोडीच्या किमतीत."

"येवढ्यात?" मी म्हटलं. कन्हेरीत तेवढ्या पैशात गोठासुद्धा मिळाला नसता.

"येवढ्यात."

माझ्या मनात पाल चुकचुकली. पाच खणांचं सागवानी घर कुणी बैलजोडीच्या भावानं देत असेल तर त्या घरात काहीतरी आहे. भूत असेल, नाहीतर पाणी नसेल, नाहीतर भावकीचा दावा असेल. सासूबाईंचं निदान वेगळंच होतं. त्या म्हणाल्या, "पाटाचं पाणी सोडून माळावर ऱ्हायला जाणाऱ्यांनाच काय तरी झालंय." थोरल्या दिरांनी मात्र गाडी जुंपून दिली. ऊस मी बघतो, तुम्ही तिला घेऊन जा, म्हणाले. त्यांचं हे बोलणं मी जन्मात विसरणार नाही.

पहाटे निघालो, दिवस कलताना निरवांगी मागं पडलं. माळ चढू लागलो तशी हवा बदलली. इतकी कोरडी की ओठ ताणले जाऊन फुटायला लागले, आणि मला त्याचाच आनंद झाला. समोर बोडका डोंगर, त्याच्या पायाशी वाडी. मी गाडीतच मालकांना म्हटलं, "भूत असलं तरी घेऊया."

वाडीत शिरलो आणि माझे डोळे भिरभिरायला लागले. निम्म्या घरांवर माळवद नव्हतं. नुसत्या भिंती उभ्या. दारं नव्हती, चौकटी नव्हत्या, आत एरंड माजलेले. दात पडलेल्या बोळक्यासारखी ती घरं रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी आ वासून होती.

गेणबा सामोरा आला. पागोटं, पांढऱ्या मिशा, गोड बोलणं. मी विचारलं, "आबा, हितं प्लेग झालता का?"

"प्लेग? न्हाय बा."

"मग ही घरं अशी?"

"ती गेली पाटाकडं," तो म्हणाला आणि पुढं चालू लागला. माणसं पोट भरायला पाटाकडे गेली असतील, असं मी धरलं. आम्हीच उलट्या दिशेनं आलो होतो म्हणायचं.

घर बघितलं आणि माझा जीव तिथंच बसला. दगडी जोतं, पुढं सोपा, आत माजघर, मागं परडं. परड्यातून सरळ डोंगर दिसायचा. भिंतीला हात लावला तर ती ठणठणीत कोरडी. मी खालून वरपर्यंत चाचपली, कुठं लोणा नाही. पण एक गोष्ट मला टोचली. भिंती सारवलेल्या नव्हत्या. वर्षभर त्यांना कुणी हात लावला नव्हता, पोपडे सुटले होते. आणि खांब? खांब तेल पाजून असे चकचकीत केलेले की त्यांत तोंड दिसावं. लग्नघर असल्यासारखे खांब आणि सुतक असल्यासारख्या भिंती. असं घर मी जन्मात पाहिलं नव्हतं.

घराची मालकीण प्रयागबाई माजघरात एका खांबाला पाठ लावून बसली होती. पन्नाशीची विधवा, हाडापेरानं मजबूत. तिनं आमच्याकडे पाहिलं नाही. या म्हणाली नाही. उन्हातून आलेल्या माणसाला गुळाचा खडा नाही, पाण्याचा तांब्या नाही. एवढी तऱ्हेवाईक बाई असेल तर भूत तरी हिच्या घरात कशाला राहील, असं माझ्या मनात आलं.

मालक आपले तुळया बघत होते. पाटाखालचा माणूस दुसरं काय बघणार? आमच्याकडे घर दगा देतं ते वरून. तुळई आतून कुजते आणि एके रात्री माळवद अंगावर येतं. म्हणून त्यांनी शिडी मागवली, प्रत्येक तुळई ठोकली, कान लावला, विळ्याच्या टोकानं सालपट काढून आतला रंग बघितला, वितीनं जाडी मोजली. गेणबा खालून सांगत होता, "ठोका, ठोका. एकबी पोकळ निघायची न्हाय. आज्ज्यानं कोकणातनं आणलेलं लाकूड हाय." मालक खुश होऊन खाली उतरले. भिंतीकडे, चुलीकडे, परड्याकडे त्यांनी ढुंकून पाहिलं नाही.

मी विचारलं, "पाणी कुठलं?"

गेणबानं माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी त्याच्या बैलाचं नक्षत्र विचारलं. "आड हाय की खाली. पर तुमाला पाण्याशी काय करायचंय?"

झालं. पाण्याचंच दुखणं असणार, असं म्हणून मी एकटी आडावर गेले. आड खोल होता, पण पाणी स्वच्छ, गोड, आणि आसपास एक डास नाही. पाणी शेंदणाऱ्या एका बाईला मी हळूच विचारलं, "बाई, प्रयागबाईंच्या घरात काय वंगाळ घडलंय का?"

"वंगाळ? लई सुखाचं घर ते. बाळंतिणी तितंच जायच्या, हवा खेळती म्हणून." मग तिनं घागर कमरेवर घेतली आणि माझ्यावरच डाफरली, "त्याचं आता काय? न्या की सुखानं."

मी तोंडात बोट घालून उभी राहिले. ह्या वाडीत सगळ्यांना झालंय तरी काय?

तेवढ्यात चावडीवर पुरुषांनी पानसुपारी करून इसार दिलासुद्धा. मालकांनी मला नंतर सांगितलं तेही मोठं गमतीचं होतं. गेणबानं विचारलं म्हणे, गाड्या किती आणाल? हे म्हणाले, दोन बास. त्यावर सगळी चावडी हसली. "पावणं, दोनात कसं मावंल? चार तरी लागतील." मालकांना वाटलं, पाटाखालचे म्हणून आपल्याला फारच श्रीमंत समजतात. चार गाड्या सामान आमच्या सात पिढ्यांत कुणाकडे नव्हतं. आपण घर राहायला घेतोय हे त्यांनीही सांगितलं नाही आणि मीही नाही. ते काय बोलून दाखवायचं असतं?

अखितीनंतर आम्ही निघालो. दोन गाड्या. एकीत मालक, मी, जातं, उतरंड, तवा, डब्यात लावलेली तुळस. दुसरीत कणगी, बाजरी आणि अवजारं. मुक्कामाला निरवांगीत देवळापाशी थांबलो आणि सकाळी माळ चढलो. पाचवा महिना लागला होता. आदल्या दिवशी पोटात पहिल्यांदा हललं होतं. मी मालकांना सांगितलं नव्हतं. घराचा उंबरा ओलांडला की सांगायचं ठरवलं होतं.

वाडीवर धूळ उडत होती. मला वाटलं मेंढरं असतील.

मेंढरं नव्हती. आमच्या माळवदावर चार माणसं कुदळी घेऊन उभी होती. माती उकरून पाट्यांनी खाली ओतत होती. दोन खण उघडे पडले होते आणि सोप्यातून आभाळ दिसत होतं. दाराची चौकट काढून अंगणात आडवी टाकली होती.

मी चालत्या गाडीतून उतरले. मालक ओरडले, पण मला काही ऐकू येत नव्हतं. मला रडू आलं नाही, राग आला. असला राग की मी अंगणात उभी राहून किंचाळले, "आरं मुडद्यांनो, माझं घर का मोडताय?"

वर कुदळी थांबल्या. गेणबा हसत पुढं आला. त्याला वाटलं मी कौतुक करतेय की काय कोण जाणे. "पावणं, दोन खण मोकळं करून ठेवलं. तुमची येक दिवसाची मजुरी वाचली. ह्यो झुंबर लई हुशार हाय, माळवदाची येक बारीक फळीबी मोडू देत न्हाय." मग त्याची नजर गाडीवर गेली. तुळस बघितली, उतरंड बघितली. "आन ह्ये जातं कशापायी आणलं?"

"दळायला!" मी म्हटलं. "ऱ्हायला आलोय आमी हितं!"

वरचा झुंबर, विशीतला पोरगा, हातातली पाटी तशीच धरून वाकून बघत राहिला. "ऱ्हायला?" तो म्हणाला.

मी तशीच आत गेले. माजघरात प्रयागबाई उभी होती, हात मातीनं भरलेले. पायाशी चूल फुटून पडली होती. तिनंच फोडली होती, नुकतीच. आणि ती ज्या खांबाला टेकून बसायची तो खांब आज मोकळा होता, म्हणून मला दिसलं. बसल्या माणसाच्या खांद्याइतक्या उंचीवर त्या खांबाला रवीच्या दोरीची खाच होती. गुळगुळीत. मी तिच्यात बोट फिरवलं.

कन्हेरीच्या आमच्या सोप्यातली खाच अशीच होती. फक्त वरच्या अंगाला. म्हणजे तो खांब उलटा उभा केलेला होता. कुठल्या तरी बाईच्या माजघरातून काढून, गाडीत घालून, आमच्याकडच्या सुतारानं बूड आणि शेंडा न बघता उभा केलेला.

मला एकदम सगळं दिसलं. वाटेवरची बोडकी घरं. तेल पाजलेले खांब. पाण्याशी तुम्हाला काय करायचंय. पाटाखाली पैसा आला, नव्या घरांना सागवान हवं होतं, आणि ते ह्या कोरड्या गावांतून येत होतं. मोडलेली घरं गाड्यांत भरून. पाटाकडून आलेला माणूस इथं राहायला येतो, असं ह्या वाडीनं कधी पाहिलंच नव्हतं. त्यात आमच्या मालकांनी येऊन आधी तुळया ठोकलेल्या! लाकूड घेणारा तेच करतो. भिंती कोण नेतो? भिंती सारवून काय मिळणार होतं प्रयागबाईला?

बाहेर गेणबाला मात्र लवकर शुद्ध आली. तो मालकांना म्हणत होता, "पर महिपतराव, आपला भाव झालाय त्यो लाकडाचा. ऱ्हातं घर म्हंजी जोतं आलं, भिंती आल्या, परडं आलं. त्याचा भाव निराळा. पटत नसंल तर इसार माघारी घ्या."

मालकांनी माझ्याकडे बघितलं. आमच्याकडे त्यापेक्षा जास्त काहीच नव्हतं. वर आभाळ उघडं, खाली चूल फुटलेली, आणि श्रावण धावत येतोय असं मला वाटलं. मला परत कन्हेरीला जायचं नव्हतं. तिथं गेले तर हे तिसरंही जाणार होतं आणि ह्या वेळी त्याच्यामागं मीही. मी खांबाला धरून खाली बसले आणि मग मात्र रडले. भोकाड पसरून, लाज सोडून रडले.

प्रयागबाई माझ्यासमोर येऊन बसली. तिनं पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे बघितलं, मग पोटाकडे.

"कितवा?"

"पाचवा. आदीचं दोन गेलं तापात. म्हणून पाट सोडून आलो."

"बाई, मी तुला त्या दिशी पाणीबी इचारलं न्हाय," ती म्हणाली. "घर मोडायला आलेल्याचं तोंड कशाला बघायचं, म्हटलं. माझी तिन्ही पोरं ह्या खांबापाशी झाली. हा खांब धरूनच म्या कळा काढल्या. लेक म्हणती, आई, माझ्याकडं ये, एकटी काय करतीस? म्हणून इकलं. सकाळी उठून चूल फोडली. उघड्या आभाळाखाली माझी चूल कुतरी हुंगणार, त्यापरीस आपल्या हातानं फोडलेली बरी."

मग ती उठली आणि दाराच्या भगदाडात जाऊन उभी राहिली. "गेणबा भावजी, घर कुणाचं?"

"तुमचंच की वयनी."

"मग भाव झालाय. त्यो मोडायचा न्हाय. आन तू रं झुंबऱ्या, बघत काय बसलायंस? उतर खाली." झुंबर शिडीवर पाय ठेवतो न ठेवतो तोच ती पुन्हा ओरडली, "उतरू नगंस! माती वर चढिव!"

वाडीला वेड लागलं असं म्हणायला हरकत नाही. पडक्या घरांच्या भिंतींची पांढरी माती माळवदाला फार चांगली, पाणी धरत नाही. त्या बोडक्या घरांतून बायकांनी पाट्या भरायला सुरुवात केली. आडावर माझ्यावर डाफरलेली ती बाईही आली. तिचं नाव भागूबाई. आपल्याच मोडलेल्या घराची माती ती आमच्या माळवदावर टाकत होती, आणि टाकताना कुठली भिंत ते सांगत होती, "ही माज्या सोप्याची, ही गोठ्याची." मालक चौकट परत बसवायला लागले. ती जरा वाकडी बसली आणि अजून तशीच आहे, दार लावायचं तर खांदा द्यावा लागतो. उकरलेल्या दोन खणांपैकी एक दर पावसाळ्यात गळतो. मी तिथं परात ठेवते.

पुढचंही सांगून टाकते, नाहीतर लोक विचारत बसतील, चौकशा काय मलाच करता येतात असं नाही. श्रावण आला, भाद्रपद गेला, मला एक दिवस ताप आला नाही. आश्विनात जयवंता झाली, त्याच खांबापाशी. प्रयागबाईला निरोप धाडला तर ती लेकीकडून चालत आली. कन्हेरीहून सासूबाई आल्या. भिंत चाचपून बघितली आणि काही बोलल्या नाहीत. पाच वर्षं त्यांच्याकडून फडक्याचं ऐकल्यावर मला तेवढं पुष्कळ होतं.

पण मला सगळ्यात जास्त आठवते ती त्या पहिल्या दिवसाची दुपार. पुरुष वर माती दाबत होते, खाली माजघरात धूळ गळत होती. प्रयागबाईनं फुटलेल्या चुलीचे तुकडे गोळा केले, पाणी शिंपडलं आणि पायानं ती माती मळायला घेतली. मी म्हटलं, "मावशी, तुमी कशाला? मी घालीन की चूल."

"तुझी चूल पाटाच्या मातीची. हितली माती तुला कळायची न्हाय."

तिनं मातीचे गोळे केले, एकावर एक बसवले, अंगठ्यानं सांधे दाबले. मी जवळ बसून विचारत होते, किती दिवस वाळवायची, राख मिसळायची का, पावसाळ्यात धूर कोंडतो का. एकाही प्रश्नाला ती वैतागली नाही. शेवटी मी विचारलं, "मावशी, भाव तर लाकडाचाच झाला. मग ह्या चुलीचं काय द्यायचं?"

"चूल कुणी इकतं व्हय?" ती म्हणाली. मग हात पुसून तिनं माझ्याकडे बघितलं. "गाडीतनं तुझा तवा आण. मापाला लागंल. माझा लई मोठा हुता."